परीक्षेत न येणारे पुस्तक
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



‘तरुण पिढी आणि वाचन’ या विषयावर बोलण्याची संधी दिल्याबद्दल विहार समितीचे आम्ही आभारी आहोत.

तरुण पिढी वाचत नाही, अशी ओरड आपण सगळेच करतो. पण संध्याकाळी आपल्या विहाराच्या वाचनालयात येऊन पाहा. एक खुर्ची रिकामी नसते. स्पर्धा परीक्षेची मुले रात्री अकरापर्यंत मान वर करीत नाहीत. मात्र ही पुस्तके ती स्वतःच्या पिशवीतून आणतात. भिंतीलगतचे कपाट कुलूपबंद असते. त्यात अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आहे, बाबुराव बागुलांच्या कथा आहेत, दया पवारांचे ‘बलुतं’ आहे. परवा आम्ही किल्ली मागितली, तर ती सापडायलाच अर्धा तास लागला! मुले वाचतात, पण नोकरीसाठी. मनाच्या आनंदासाठी वाचणे संपत चालले आहे.

केवळ मोबाईलला दोष देऊन चालणार नाही. दोष आम्हा वडीलधाऱ्यांचाही आहे. पोरगं गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलं की आम्हीच म्हणालो, “अरे, अभ्यास सोडून हे काय वाचतोस?” गरिबीतून वर येण्यासाठी शिक्षण हाच मार्ग होता, म्हणून आम्ही तसे बोललो. पण मुलाला एवढेच कळले की पुस्तक म्हणजे परीक्षा. परीक्षा संपली की पुस्तकही संपले.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत बसून ते अवांतर पुस्तके वाचीत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. पुढे बाबासाहेबांच्या सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते काही शाळेच्या अभ्यासाचे पुस्तक नव्हते. त्या वाचनाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेकडे जाणारी वाट अशा एका परीक्षेत न येणाऱ्या पुस्तकापासून सुरू झाली, असे आम्हाला वाटते. शिवाय पदरी पैसा नसताना सुभेदार रामजींनी मुलींचे दागिने गहाण टाकून पुस्तके आणली, हेही विसरू नका.

आपण दरवर्षी चैत्यभूमीवरून, दीक्षाभूमीवरून पिशव्या भरून पुस्तके आणतो. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातली किती उघडली जातात? किती शोकेसमध्येच राहतात?

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर ते कपाट उघडा. पूर्वी वस्तीत एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे, तसे अर्धा तास मोठ्याने वाचा. मुलांना आवडेल ते पुस्तक घरी नेऊ द्या. पुस्तक फाटले तरी चालेल, डिंकाने चिकटवू. आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका!

आम्हीही आमच्या घरापासून सुरुवात करतो. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जय भीम!