वायपरची कुरकुर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण हसतील. पावसात मोटारीच्या पुढच्या काचेवरून फिरणारा जो वायपर, तो कुरकुरतो का आणि उड्या मारीत का चालतो, एवढाच हा विषय. "आमच्या दारात मोटार नाही, आम्हांला काय त्याचे?" असेही कोणी म्हणेल. पण वडापची जीप, भाजीचा टेम्पो, शाळेची गाडी यांतून आपण आणि आपली मुले रोज प्रवास करतोच. चालवणाऱ्याला समोरचे दिसते की नाही, हा प्रश्न आत बसलेल्यांचाही आहे, आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचा तर त्याहून जास्त आहे. तो कसा, ते सांगतो.

गेल्या आषाढात मी कराडहून चिपळूणला निघालो होतो. बरोबर एक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी होत्या, त्याही शिक्षिकाच. आठवडाभर आधीपासून माझ्या गाडीचा वायपर कुरकुरत होता. दार करकरले की बिजागरीला तेल घालावे, बैलगाडीचा आस वाजू लागला की वंगण द्यावे, हा आपला पिढीजात उपाय. मी कॉलेजात मुलांना तर्कशास्त्र शिकवतो, कार्यकारणभाव समजावून सांगतो. पण त्या दिवशी तर्क बाजूला राहिला आणि हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे गेला. दोन्ही पात्यांच्या रबरावरून तेलाचे बोट फिरवले. आवाज बंद! मला फार बरे वाटले.

पाटण गेले, हेळवाक गेले, आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी पावसाने गाठले. दुपारचे चार वाजले असतील, पण दिवेलागणीसारखा अंधार. पहिल्या एकदोन वळणांना फारसे कळले नाही. मग खालून चढणाऱ्या एका ट्रकचे दिवे काचेवर पडले आणि सारी काच दुधासारखी पांढरी झाली. वायपर फिरत होता, पण तो काच पुसत नव्हता, लिंपत होता. पाणी बाजूला जाई आणि तेलाचा पातळ पडदा मागे राही. त्यातच मधूनमधून पाते थडथड उडे, आणि ते जिथे उडे तिथे पाण्याच्या पट्ट्या उरत. त्या पट्ट्या नेमक्या माझ्या डोळ्यांसमोर. शेजारून गुरुजी एकदम ओरडले, "सर, थांबा!" मी ब्रेक दाबला. प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावरून घेतलेला एक म्हातारा आणि त्याची म्हैस गाडीच्या तोंडापासून दोन हातांवर उभी होती. मला ती दोघेही दिसली नव्हती.

म्हातारा काही बोलला नाही. त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली, तिला कडेला घेतले आणि तो चालू लागला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलके वाटले असते.

घरी आल्यावर मी हिशेब केला. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला ८ मीटरांहून थोडे अधिक. वायपरच्या मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या, तर एका फेरीला सव्वा ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे जाते. वायपरची एक फेरी वाया गेली, की एका वर्गखोलीच्या लांबीहून जास्त रस्ता आपण आंधळ्यासारखे कापतो. आणि हा वेग घाटातला. सपाटीवर माणसे याच्या दुप्पट वेगाने जातात.

त्या दिवशी पोफळीपर्यंत आम्ही कसेबसे उतरलो आणि चहाच्या एका टपरीपाशी थांबलो. तिथे एका ट्रकचालकाने माझी काच पाहिली आणि "तेल लावलं का काय?" म्हणून विचारले. मी मान खाली घातली. त्याने ओल्या फडक्यावर बिडीतली तंबाखू चोळली आणि त्या फडक्याने काच दोनतीनदा खसखसून पुसली. ही ट्रकवाल्यांची जुनी रीत आहे. तशी काच पुसली म्हणजे पाण्याचे थेंब न राहता पाणी सपाट पसरते आणि त्यातून बरे दिसते. त्यावर आम्ही चिपळूण गाठले. मी त्या माणसाचा ऋणी आहे. पण ही तासाभराची सोय झाली, इलाज नव्हे.

कुरकुरीचे मर्म मला समजावले ते गुरुजींनी, आणि तेही खडूने. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. फळ्यावर लिहिताना खडू कधी कधी किंचाळतो आणि साऱ्या वर्गाच्या अंगावर काटा येतो. लांब खडू घ्या, तो फळ्यावर जवळजवळ उभा धरा आणि त्याच्या टोकाच्या दिशेने पुढे ढकला. खडू टकटक करीत उडेल आणि अखंड रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उठेल. आता तोच खडू मागे कलता धरा आणि ओढत न्या. रेघ गुळगुळीत येते, आवाजही नाही. खडू तोच, फळाही तोच; फक्त कल बदलला.

होते असे की, दोन वस्तू एकमेकींवर टेकून स्थिर असताना त्यांना हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर त्या एकदा सरकू लागल्यावर पुरतो. म्हणून खडूचे टोक क्षणभर चिकटते, हाताच्या जोराने त्यात ताण साठतो, मग ते एकदम सुटते, पुढे उडी घेते आणि पुन्हा चिकटते. चिकटणे आणि सुटणे सेकंदात शेकडो वेळा झाले, तर कानाला किंचाळी ऐकू येते. सावकाश झाले, तर डोळ्यांना उड्या दिसतात. दाराची करकर तीच. सारंगीच्या गजाला राळ लावतात तीही एवढ्याचसाठी, की गजाने तारेला धरावे आणि सोडावे. तिथे त्यातून सूर निघतो, इथे कुरकुर. केंब्रिजचे बाउडन आणि टेबर या दोघा शास्त्रज्ञांचा घर्षणावरचा ग्रंथ १९५० साली निघाला. त्यात या चिकटण्या-सुटण्याचा मोठा ऊहापोह आहे.

आता वायपरचे रबर जरा निरखून पाहा. काचेला टेकते ती एक बारीक धार असते आणि तिच्यावर रबराचीच पातळ मान असते. पाते डावीकडे निघाले की धार मागे उजवीकडे कलते. परत फिरले की धार हलकेच कूस बदलते आणि दुसऱ्या बाजूला कलते. म्हणजे धार नेहमी मागून ओढली जावी, कधी पुढे ढकलली जाऊ नये, अशी ही योजना. ओढलेला खडू गप्प, ढकललेला खडू बोलका, तेच इथे. मे महिन्याच्या उन्हात गाडी महिनाभर उभी राहिली की रबर एकाच बाजूला कललेले असतानाच कडक होते. मग पावसाळ्यात ते कूस बदलीत नाही. जाताना ओढले जाते, येताना ढकलले जाते, आणि त्या येण्याच्या फेरीत थडथडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. दाराला तेल हे वंगण. वायपरला पाणी हेच वंगण. भरपूर पाऊस असला की रबर पाण्याच्या थरावरून सरकते. काच अर्धवट ओली असली, नुसती भुरभुर असली, की रबर सर्वांत जास्त चिकटते. म्हणून कुरकुर मुसळधार पावसात कमी आणि भुरभुरीत जास्त. आणि काचेवर तेल, मेण किंवा धूर बसलेला असेल तर पाणी सारखे पसरत नाही, त्याचे थेंब होतात. कोरडा तुकडा, ओला तुकडा असे रबराच्या वाट्याला येते आणि ते अडखळत चालते. मी तेल घातले ते रोगावर औषध म्हणून. तेच रोगाचे मूळ होते.

तेव्हा आवाज आला की आधी लक्ष द्या. जाताना गप्प आणि येताना थडथड, असे एकाच दिशेला होत असेल तर दोष बहुधा रबराच्या बसलेल्या कलात किंवा ज्या दांड्याला पाते अडकवलेले असते त्या दांड्यात. गाडी धुणाऱ्याने तो ओढला किंवा पिळला तर पाते काचेवर सरळ उभे राहत नाही, एका अंगाला झुकते. वायपर मध्यावर असताना किल्ली बंद करावी, म्हणजे तो तिथेच थांबतो. मग बाजूने पाहिले की दांड्याचा पीळ दिसतो. पीळ काढणे हे मेस्त्रीचे काम. मात्र पाते काढलेला दांडा हातातून सुटला तर स्प्रिंगच्या जोराने काचेवर आदळतो आणि काच तडकते. म्हणून काचेवर आधी जाड टॉवेल घालावा. हे मी दुसऱ्याच्या खर्चाने शिकलो, एवढेच सांगतो.

दोन्ही दिशांना कुरकुर असेल तर काच आणि रबर यांच्याकडे वळावे. काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते सलग पसरले तर काच स्वच्छ. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहिले तर काचेवर काहीतरी बसले आहे. हल्ली गाडी धुऊन झाल्यावर चकाकीसाठी जे पॉलिश मारतात, तेही काचेवर उडते. भांड्यांच्या साबणाने काच दोनदा घासून भरपूर पाण्याने धुवावी, मग औषधाच्या दुकानातले स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसावी आणि शेवटी वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने. रबराची धार साबणाच्या ओल्या फडक्यात चिमटीने धरून टोकापासून टोकापर्यंत न्यावी. काळे उतरायचे थांबेपर्यंत. रॉकेल, डिझेल किंवा माझे खोबरेल, यांतले काहीही लावू नये. तेलाने रबर फुगते आणि सैल पडते. साधी माती असेल तर एवढ्यानेच काम भागते, पैसा लागत नाही.

पण रबराला चिरा पडल्या असतील, धार कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका. तासाभराच्या पावसात मिनिटाला ४५ फेऱ्यांप्रमाणे २७०० फेऱ्या होतात; जाणे आणि येणे वेगळे धरले तर ५४०० वेळा ती केसाएवढी धार काच पुसते. ती झिजणारच. मृगापूर्वी आपण घर शाकारतो, छत्रीच्या काड्या तपासतो. त्याच दिवसांत पाती बदलावीत. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये, धूळ असेल तर आधी पाणी मारावे. आणि भुरभुरीत तो सतत न चालवता थांबून थांबून चालवावा.

हा वायपर आला कुठून, असे गुरुजींच्या पत्नींनी विचारले होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईंनी त्याचे पेटंट १९०३ च्या नोव्हेंबरात मिळवले. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामच्या चालकाला समोरचे दिसेना, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. आत बसून हाताने दांडी फिरवायची आणि बाहेर रबराचे पाते फिरायचे, अशी त्यांची रचना होती. हे ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे बसल्या जागेवरून पुसायची सोय. बाईलाच सुचायची." यावर गुरुजी काही बोलले नाहीत, मीही नाही.

नवी पाती घ्यायला जाताना जुनी बरोबर न्यावीत. चालकाच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे पाते पुष्कळ गाड्यांत एका लांबीचे नसते आणि दुकानात मापे इंचांत सांगतात. अडकवण्याचा आकडाही निरनिराळ्या तऱ्हेचा असतो, तो जुळवून पाहावा. रबरावरची कागदाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी काढूनच पाते बसवावे. ती तशीच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बसवून झाले की काचेवर पाणी ओतून पाचदहा फेऱ्या तिथेच, दुकानासमोरच चालवून बघाव्यात.