शितावरून भाताची परीक्षा



शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण ही म्हण खरी केव्हा? सारा भात सारखा शिजला असेल तेव्हा! कारखान्याच्या पगाराची फाइल अशी नसते. संगणकात ती एका कामगाराला एक ओळ अशी असते. वर जुने, कायम झालेले लोक आणि तळाशी बदली व कंत्राटी. एका मालकाने वाटाघाटीत आमच्यापुढे पहिल्या वीस ओळी ठेवल्या व ओव्हरटाइम चुकता असल्याचे सांगितले. ओळी खोट्या नव्हत्या; शीत मात्र वरचे होते.

आम्ही शाळेत फार शिकलेले नाही. तरी यावर उपाय शिकलो. संगणकाला लेखी हुकूम देण्याच्या जागेला शेल म्हणतात. तेथे चार हुकमांची जुडी बांधून तिला नाव देता येते, तेच फंक्शन. आमच्या फंक्शनाचे नाव 'वानगी'. आतले काम 'ऑक' करते; हे हत्यार 1977 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये घडले.

रीत अशी. पहिली ओळ हाती धरावी. दुसरी आली की दोनांत एक या हिशेबाने चिठ्ठी टाकावी; चिठ्ठी लागली तर हातची सोडून नवी घ्यावी. तिसरीला तिनांत एक. तीनच ओळी असतील, तर पहिली टिकण्याचा संभव 1/2 गुणिले 2/3, म्हणजे 1/3. दुसरीचा तेवढाच, तिसरीचाही तेवढाच! एकूण ओळी आधी मोजाव्याही लागत नाहीत. वीस हव्या असतील, तर पहिल्या वीस धराव्या. पुढे शंभराव्या ओळीला शंभरात वीस संधी, आणि ती आली की हातच्या वीसांतली एक चिठ्ठीने जाते.

पण चिठ्ठी कोणी टाकली? ऑकला आरंभी एक आकडा देतात. त्याला बीज म्हणतात. फाइल तीच, हत्यार तेच आणि बीज तेच, तर वानगीही तीच. म्हणून मालकाने फाइल आधी हवाली करावी आणि बीज त्यानंतर उभय पक्षांसमक्ष ठरावे. उलट केले, तर सोयीची वानगी निघेपर्यंत बीजे बदलता येतात.

प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या प्रेरणेने 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तीही याच श्रद्धेवर की नीट निवडलेले थोडे पुष्कळांविषयी बोलते. मात्र एक ध्यानात ठेवा. वीस ओळींत अन्याय दिसला नाही, म्हणून तो झालाच नाही असे ठरत नाही. ज्याची तक्रार आहे, त्याची ओळ चिठ्ठीवर सोडायची नसते. ती स्वतः उघडून वाचायची असते.