बुळकांडी नेमकी कशाने गेली?

25 मे 2011 रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने जग गुरांच्या बुळकांडी या रोगातून मुक्त झाल्याचे मान्य केले. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. श्रेय अर्थातच लसीला मिळाले, आणि लस होतीही त्या तोलाची. वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियातील मुगुगा येथे पेशीसंवर्धनातून बनवलेली ही लस सुरक्षित आणि स्वस्त होती. एकदा टोचली की जनावराला जन्मभर पुरे. पण ती हाती आली 1960 च्या आसपास, आणि रोगाची शेवटची नोंद आहे 2001 ची, केनियातलीच. हुकमी औषध जवळ असताना चाळीस वर्षे का लागली? माझे उत्तर असे की लसीने रोग दबतो. संपवायचा तर तो कुठे दडून टिकला आहे ते हुडकावे लागते. हे हुडकणे हेच साथरोगशास्त्राचे काम, आणि टोचलेल्या मात्रांच्या आकड्यांत नेमके तेच झाकले जाते.

आफ्रिकेचा अनुभव पाहा. 1962 ते 1976 या काळात तिथे अनेक देशांनी मिळून लसीकरणाची प्रचंड मोहीम चालवली. बहुतेक ठिकाणी रोग दिसेनासा झाला, मोहीम आवरली, आणि 1980 च्या दशकाच्या आरंभी बुळकांडी पुन्हा खंडभर पसरली. शिल्लक राहिलेली मोजकी ठाणी कोणाच्या हिशेबात नव्हती. आपल्याकडची कथा निराळी, पण धडा तोच. जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1893 मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला गेली. देशव्यापी बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम 1954 चा. त्याने उद्रेक पुष्कळ घटले, तरी दक्षिणेत रोग रेंगाळतच राहिला. यात एक पेच होता. लसीने रक्तात येणारी प्रतिपिंडे आणि रोगाने येणारी प्रतिपिंडे सारखीच दिसत. म्हणजे टोचत राहावे तितके विषाणू फिरतो आहे की नाही हे कळेनासे होई. अर्धवट टोचलेल्या कळपात तो वासरांच्या नव्या पिढीवर निभावून नेई. शेवटी 1990 च्या दशकात निगराणीवर भर आला, मुलखाचे विभाग पाडले गेले आणि टप्प्याटप्प्याने लस थांबवण्याचा धीर दाखवला गेला. 1995 नंतर भारतात उद्रेक नाही. 2006 मध्ये देश संसर्गमुक्त ठरला. टोचणे थांबवल्याशिवाय रोग गेल्याचा पुरावाच मिळणार नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की रोग हुडकताना आफ्रिकेत गुराख्यांच्या सांगण्यावर ठेवलेली भिस्त शास्त्रीय नव्हे. सोमालियाच्या आसपासच्या भागात विषाणूचा सौम्य प्रकार फिरत होता. त्याने जनावरे फारशी मरत नसत, म्हणून सरकारी नोंदीत तो येतच नसे. पण रोगाची लक्षणे, कोणत्या वयाची जनावरे आजारी पडली, कोणत्या पाणवठ्यावर कोणाचे कळप मिसळले, हे पशुपालकांना पाठ होते. जेफ्री मरिनर यांच्यासारख्या संशोधकांनी ही माहिती अनेक तोंडांतून पडताळली आणि प्रयोगशाळेतही तपासली. गुराख्याची साक्ष हा त्यांनी निष्कर्ष मानला नाही; नमुना कुठे घ्यायचा याची ती दिशा होती. शीतपेटीशिवाय काही आठवडे टिकणारी लस आली, तेव्हा इथिओपियाच्या अफार भागात टोचण्याचे कामही स्थानिक पशुपालकांतून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी केले. (दुर्गम भागात सरकारी पथक पोचत नाही, ही तक्रार तिथेही जुनीच.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुळकांडीचा धडा लाळ्या खुरकूत, लंपी यांसारख्या गुरांच्या आजच्या रोगांना लागू पडत नाही. बुळकांडीच्या विषाणूची प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच जात होती आणि बरे झालेले जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ्या खुरकूत तशी नाही. तिच्या सात जाती. भारतात आज ओ, ए आणि आशिया-1 या तिघींशी गाठ. लसीचा जोर काही महिनेच टिकतो, शिवाय बरे झालेले जनावर घशात विषाणू वागवत राहू शकते. लंपी तर माश्या-डासांवरून पसरतो. हे सगळे मान्य. समूळ निर्मूलनाचे वचन इथे कोणी देऊ नये. पण म्हणून मोजण्याचा प्रश्न सुटत नाही, उलट बिकट होतो. सोय एवढीच की बुळकांडीत नव्हते ते साधन इथे आहे. लाळ्या खुरकुताची लस शुद्ध केलेली असेल, तर विषाणू शरीरात वाढतानाच तयार होणाऱ्या काही प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधून, टोचलेल्या जनावराला खरोखर संसर्ग झाला होता का, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

लाळ्या खुरकुताविरुद्धच्या 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, दर सहा महिन्यांनी लसही आहे. माझा आग्रह आहे तो हा बिल्ला जनावराच्या प्रवासाशी जोडण्याचा. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून बैलजोड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर येतात, गावोगावचे बैल एका तळावर महिनोन्‌महिने राहतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत पांगतात. रक्तनमुने घ्यायचे तर आधी या तळांवर घ्यावेत, हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि परतीच्या आधी एकदा. दोन्ही वेळच्या निकालांतला फरक जे सांगेल, ते जिल्ह्याच्या लसीकरणाच्या टक्केवारीत सापडणार नाही.