पिष्ट सारखे, पोषण निराळे



मुंबई-बडोदे लोहमार्गावर सुरतेच्या उत्तरेस कोसाड हे स्थानक लागते. पूर्वीचे हे शेतीचे गाव आता सुरत महानगरात सामावले आहे. सुरतेच्या कापड उद्योगात काम करण्यासाठी खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. तापीच्या वरच्या खोऱ्यात ज्यांच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होत असे, त्यांच्या ताटात आता बहुधा पांढराशुभ्र भात असतो. त्याने पोट भरते हे खरे. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तृणधान्याच्या दाण्यातील सर्वांत मोठा घटक म्हणजे पिष्ट, अर्थात स्टार्च. हिवाळ्यात सुरतेच्या रस्त्यांवर ज्वारीचा पोंक विकावयास येतो. महाराष्ट्रात त्यालाच हुरडा म्हणतात व हुरड्याच्या एका प्रसिद्ध वाणाचे नावच ‘सुरती’ असे आहे. कोवळा दाणा गोड लागतो, कारण त्यातील सर्व साखरेचे पिष्टात रूपांतर झालेले नसते. दाणा पक्व होत जातो तशी गोडी कमी होते व पिष्ट वाढते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, दीर्घकाळ वापरात असलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम धान्यात कर्बोदकांचे प्रमाण पॉलिश केलेल्या तांदळात ७८.२, ज्वारीत ७२.६, नागलीत ७२ व बाजरीत ६७.५ ग्रॅम असते. या कर्बोदकांत बहुतांश भाग पिष्टाचाच असतो. उष्मांकांतही मोठे अंतर नाही; तांदळापासून ३४५, तर ज्वारीपासून ३४९ उष्मांक मिळतात. भेद आहे तो पिष्टाच्या सोबतीला काय येते यात. प्रथिने तांदळात ६.८ ग्रॅम, तर ज्वारीत १०.४ व बाजरीत ११.६ ग्रॅम असतात. नागलीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अवघे १० मिलिग्रॅम आहे.

पिष्टही सर्व वाणांत एकाच प्रकारचे नसते. त्यात अॅमिलोज व अॅमिलोपेक्टिन असे दोन घटक असतात. तांदळाच्या ज्या वाणात अॅमिलोज अधिक, त्याचा भात मोकळा होतो व थंड झाल्यावर कडक होतो. ज्यात ते कमी, त्याचा भात मऊ व चिकट होतो. सामान्यतः अधिक अॅमिलोज असलेले पिष्ट सावकाश पचते व रक्तातील साखर एकदम वाढू देत नाही. ज्वारीत पिष्टाचे कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेले असल्याने त्याचे पचनही संथ होते. एके ठिकाणी बसून काम करणाऱ्यांच्या व मधुमेह असलेल्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारे ग्लुटेन नसते. म्हणून गृहिणी पीठ कढत पाण्यात मळतात. उष्णतेने पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि भाकरी थापता येते. ही जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे.

धान्याची हानी बहुधा शेतात न होता गिरणीत व चुलीवर होते. तांदूळ जितका पांढरा करावा, तितका कोंडा व त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते. मागे राहते ते मुख्यतः पिष्ट. उकड्या तांदळात भात कांडण्यापूर्वीच उकडलेला असल्याने हे जीवनसत्त्व दाण्यात मुरते व पुष्कळ अंशी टिकते. तांदूळ वारंवार चोळून धुणे व पेज फेकून देणे हेही नुकसानीचे आहे.

लहान बालकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पिठाची लापशी शिजताना पिष्ट फुगते व ती घट्ट होते. म्हणून माता त्यात पाणी वाढवितात. वाटी भरलेली दिसते, पण बालकाच्या पोटात धान्य थोडेच जाते. नागलीला मोड आणून, ती वाळवून, भाजून दळल्यास मोड येताना निर्माण झालेले पाचकद्रव्य पिष्टाचे अंशतः विघटन करते. अशा पिठाची लापशी पातळ राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते आणि ते सुलभतेने पचते. यास खर्च नाही. दोन-तीन दिवसांची सवड मात्र हवी.

तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळींतून मिळतो. म्हणून भाकरीबरोबर वरण वा उसळ असावी. शिक्षकांनी मुलांना हा हिशेब शिकवावा, अधिकाऱ्यांनी आहार ठरविताना केवळ उष्मांक मोजू नयेत, आणि कुटुंबांनी भात न सोडता एका वेळची भाकरी पुन्हा ताटात आणावी. धान्याची परीक्षा त्याच्या शुभ्रतेवरून करू नये. पिष्टासोबत काय उरले आहे, ते पाहावे.