पोत्यावरचं नाव

संध्याकाळची धार काढून झाली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आमच्या गटातल्या बहुतेक जणींकडे एक-दोन दुभती जनावरं आहेत. म्हणून आज आम्ही लांबच्या मुलखातल्या एका गोठ्याची गोष्ट सांगणार आहोत. देश परका असला, तरी गोष्ट गव्हाणीपासूनच सुरू होते.

अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. तिथं बॅटल क्रीक शहराजवळ रिक हॅल्बर्ट या शेतकऱ्याचा मोठा गोठा होता, चारशेच्या आसपास गाई. १९७३ च्या सप्टेंबरात त्या गाईंनी खाणं टाकलं. बघता बघता दूध निम्म्याच्या जवळ आलं. गाई वाळल्या, खूर वेडेवाकडे वाढले. डॉक्टर आले, औषधं झाली, गुण येईना.

हॅल्बर्ट यांना संशय आला तो नव्या पेंडीचा. दूध वाढावं म्हणून त्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइड नावाची भुकटी मिसळलेलं पशुखाद्य मागवलं होतं. भुकटी तशी निर्धोक. पण तीच पेंड वासरांना घालून बघितली, तर वासरं मेली. हॅल्बर्ट रसायनाचं शिकलेले होते. पदरचे पैसे घालून ते महिनोन्‌महिने नमुने या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत पाठवत राहिले. एका ठिकाणी तपासणीचं यंत्र जेवणाच्या सुट्टीत चुकून चालू राहिलं आणि एरवी कुणी थांबून पाहिलंच नसतं असं काहीतरी कागदावर उमटलं. ते काय आहे हे ओळखायला १९७४ चा एप्रिल उजाडला.

झालं होतं असं. एकच कारखाना दोन माल बनवायचा. एक जनावरांसाठीची भुकटी, तिचं नाव न्यूट्रिमास्टर. दुसरं आग रोखणारं रसायन, त्याचं नाव फायरमास्टर. हे दुसरं टीव्हीच्या खोक्यासारख्या प्लॅस्टिकमध्ये घालायचे, म्हणजे ते चटकन पेट घेत नाही. दोन्ही पांढरट भुकट्या. एरवी पोती रंगांवरून ओळखू यायची. त्या वर्षी छापील पोत्यांचा तुटवडा पडला, म्हणून साध्या पोत्यांवर नावं उमटवली. त्यातली दहा-वीस पोती, एकेक साधारण तेवीस किलोचं, पशुखाद्याच्या गिरणीत गेली. तिथं ती पेंडीत मिसळली. गिरणीची यंत्रंही बरबटली, त्यामुळे पुढच्या चांगल्या पेंडीतही ते उतरत राहिलं.

पीबीबी म्हणतात त्या रसायनाला. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. आपल्याला डेअरीत ज्या फॅटवर भाव मिळतो ना, त्याच फॅटमध्ये ते जाऊन बसतं. गाईच्या अंगातून दुधात, दुधातून लोण्यात, कोंबडीतून अंड्याच्या बलकात, आणि तिथून माणसात. उकळून, तळून जात नाही. माणसाच्या अंगातून निघायला वर्षानुवर्षं लागतात.

पाचशेहून जास्त गोठ्यांवर बंदी आली. सुमारे ३०,००० गुरं, १५ लाख कोंबड्या मारून पुरल्या, ५० लाख अंडी नष्ट केली. आकडा सांगून टाकता येतो. पण एक म्हैस दारातून गेली तरी घर किती दिवस गप्प असतं, हे आपल्याला माहीत आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. हॅल्बर्ट यांच्यासारखं शिक्षण नि पैसा नसलेले शेतकरीही तक्रारी करत होते. त्यांना काय सांगितलं गेलं? असा त्रास फक्त तुमच्याच गोठ्यात आहे, तुम्हाला जनावरं सांभाळता येत नाहीत. प्रत्येकाला वेगवेगळं गाठून हेच ऐकवलं. शेजारच्या गोठ्यातही तेच चाललंय, हे कळायला कित्येक महिने गेले. आणि तोवर ते दूध घराघरात प्यायलं जात होतं.

पुढं १९७६ मध्ये बाळंतिणींच्या दुधाची तपासणी झाली. ती करणाऱ्यांत लॅरी ब्रिलियंट नावाचे डॉक्टर होते. आपल्याकडे देवीचा रोग घालवायच्या मोहिमेत काम करून गेलेले. मिशिगनच्या दाट वस्तीच्या दक्षिण भागात शंभरातल्या ९६ आयांच्या दुधात पीबीबी सापडलं. गोठ्याशी संबंध नसलेल्या, दुकानातून दूध-अंडी आणणाऱ्या शहरातल्या बायकासुद्धा त्यात आल्या. ज्या मुलींना हे पोटात असताना जास्त प्रमाणात मिळालं आणि आईच्या दुधातूनही मिळालं, त्यांना पाळी साधारण वर्षभर लवकर आली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. ऐकून कुणी घाबरून बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका. आईच्या दुधाचे फायदे फार मोठे आहेत. दोष दुधाचा नाही, त्यात आणून सोडणाऱ्याचा आहे.

त्या कारखान्याजवळ पाइन नदी वाहते. तिच्या गाळात आणि माशांतही हे उतरलं. कारखाना १९७८ साली बंद झाला, पण नदीतले मासे खाऊ नका, हा इशारा पुढे कित्येक वर्षं राहिला.

पीबीबी गेलं, त्याच्या जागी त्याचीच भावंडं आली. फोमच्या गादीत, टीव्हीत. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने राखून ठेवले होते. १९७२ ते १९९७ या काळात ही रसायनं त्यात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेली. तिथं शिकारी बहिरी ससाण्याच्या अंड्यांतही ती सापडली. पाळून कोंबडीचं मांस खायला घातलेल्या ससाण्यांच्या अंड्यांत कमी, रानात पाखरं मारून खाणाऱ्यांच्या अंड्यांत कितीतरी जास्त. माणसांनी ती वापरायची कमी केल्यावर आयांच्या दुधातलं प्रमाण उतरायला लागलं, हेही त्याच नमुन्यांतून कळलं.

आपल्या देशात यातल्या काही रसायनांवर २०१८ च्या नियमांनी बंदी आली. पण बंदीआधीचा टीव्ही, जुना फोम घरात आहेच. तांबं काढायला पोरं वायरी जाळतात. पावसाळ्यात चूल धरत नाही म्हणून आपणही फोमचा, प्लॅस्टिकचा तुकडा आत सारतो. आमच्यातल्या कितीतरी जणींनी हात वर करून कबूल केलं. असं प्लॅस्टिक जाळलं की आणखी वाईट विषं तयार होतात. राख उकिरड्यावर जाते, तिथं कोंबड्या उकरतात, अंडं पोराच्या ताटात येतं.

गटात आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. खताची, औषधाची रिकामी पोती पेंड भरायला वापरायची नाहीत, आणि पेंडीच्या पोत्यावर लाल रंगानं ठळक खूण करायची. दुसरी म्हणजे, कुणाच्याही जनावरानं दोन दिवस खाणं टाकलं की गटात सांगायचं, लाजायचं नाही. वही ठेवली आहे.

वायरी आणि फोम जाळायचं बंद, हेही ठरलं. तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मग माझा मोडका टीव्ही ठेवू कुठं? भंगारवाल्याला दिला तर तोही पेटवणारच." खरं आहे. अशा वस्तू परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, कायदा आहे. पण आमच्या गावात गोळा करायची जागा नाही. ग्रामपंचायतीकडे तसा अर्ज दिलाय, बावीस जणींच्या सह्यांनी. तोवर आजींचा टीव्ही माळ्यावर आहे.