किनाऱ्याचा वाटा

गोवा, पुणे आणि हैदराबादहून आलेले शास्त्रज्ञ, शिक्षक, पत्रकार, विद्यार्थी मित्रहो, आणि आज बंदरावरचे काम बाजूला ठेवून मुद्दाम आलेले तांडेल, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या माझ्या भगिनींनो,

समुद्रावरचे संशोधन लोकांपर्यंत कसे न्यायचे याचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

ही परिषद रत्नागिरीत भरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मिरकरवाड्यासारखे गजबजलेले बंदर, शिरगावचे १९८१ पासूनचे मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र एकाच गावाच्या परिसरात आहेत. झाडगावच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा पाहायला कोकणातल्या शाळांच्या सहली येतात. त्या सांगाड्यापुढे उभी असलेली मुले किती प्रश्न विचारतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना लोकांमध्ये विज्ञानाविषयी कुतूहल नाही, असे कधीच म्हणवणार नाही.

१९६६ या वर्षाचा उल्लेख मला इथे करायचा आहे. त्या वर्षी १ जानेवारीला, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला इथे तिचे मुख्यालय आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली. एका संस्थेने समुद्र समजून घेण्याचे काम हाती घेतले, दुसरीने विज्ञान मराठीतून सांगण्याचे. दोन्ही संस्थांचे काम मोठे आहे आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण या दोन कामांची गाठ जितकी पडायला हवी होती तितकी पडली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातले थंड पाणी उथळ पट्ट्यावर चढते. त्यात खनिज क्षार भरपूर असतात, म्हणून सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर तारली, बांगडा पोसला जातो. पावसाळ्यानंतर मिळणाऱ्या मासळीमागे हे पाणी आहे. परंतु याच पाण्यात प्राणवायू मुळात कमी असतो. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतो, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. वर वाढलेल्या वनस्पती मरून तळाला जातात, कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खातात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळालगतच्या पाण्यात तो जवळजवळ संपतो. गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षे मोजले आणि २००० साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला. जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांनी तो वाचला. ही घडामोड ज्या पाण्यात होते, त्याच पाण्यात आमची जाळी पडतात. तळाची मासळी नेमकी कुठे सरकते, कधी सरकते, याच्याशी आमच्या घरांचा थेट संबंध आहे. आणि तरीही बंदरावर बसून मराठीतून हे कोणी समजावून सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. शास्त्रज्ञाला निबंध प्रसिद्ध करावा लागतो, त्याच्या नोकरीचे मोजमाप त्यावर होते. किनाऱ्यावर येऊन बोलण्याचे मोजमाप कुठेच होत नाही. हे बदलले पाहिजे, आणि ते बदलण्याची मागणी या व्यासपीठावरून व्हावी, अशी माझी इच्छा आहे. रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढताना दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीत वाटा मिळतो. समुद्राच्या अभ्यासातही आमच्या होड्यांचा, आमच्या माहितीचा, आमच्या करांच्या पैशाचा हात आहे. त्यातून निघालेल्या ज्ञानात आमचा वाटा आहे, तो मिळालाच पाहिजे.

वाटा मिळाला की काय घडते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एके काळी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. गावातली माणसे रात्री किनाऱ्यावर फिरू लागली, अंडी कुंपणात हलवू लागली, पिल्ले समुद्रात सोडू लागली. कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. पुढे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांना क्रमांक दिले असते तरी विज्ञानाचे काही अडले नसते. पण त्यांना प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री अशी नावे दिली गेली, आणि कोकणातली माणसे वर्तमानपत्रात त्यांचा ठावठिकाणा वाचू लागली. यंत्रे एकेक करून बंद पडली, तेही लोकांना सांगितले गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रयोगात काय हाती लागले नाही हेही ज्यांना सांगितले जाते, त्यांचा त्या प्रयोगावर विश्वास बसतो. पुढच्या वर्षी बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी, ही समजूत शास्त्रज्ञांना पुन्हा तपासावी लागली. किनाऱ्यावर रोज रात्री फिरणारी, बिल्ल्याकडे लक्ष देणारी माणसे नसती, तर ही नोंद झालीच नसती.

असाच विश्वास मासळीच्या अंदाजांनाही लागतो. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची माहिती येते, ती मराठीतही येते. उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि सूक्ष्म वनस्पतींमुळे बदललेला पाण्याचा रंग, यांवरून ती काढतात. ती शक्यता असते, हमी नसते. प्रवाहाने पाणी सरकले तर जागाही सरकते. हे आधी समजावले नाही, तर एकदा जाळे रिकामे आले की तांडेल पुन्हा त्या माहितीकडे पाहत नाही. जीव वाचवणाऱ्या इशाऱ्यांचेही तसेच आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा आमचे अनेक खलाशी घरी परतले नाहीत. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. २०१९ पासून ‘जेमिनी’ हे उपकरण रेंजबाहेरच्या होडीपर्यंत उपग्रहातून इशारा पोचवू शकते, ही मोठी सोय झाली. पण इशारा मिळाल्यावर जाळे कापून परत फिरायचे की नाही, हा निर्णय तांडेलाला काही मिनिटांत घ्यायचा असतो. त्यात हजारो रुपयांची जाळी जातात. वादळाचा मार्ग कसा बांधतात, तो किती चुकू शकतो, हे त्याला आधीपासून माहीत असेल, तरच तो विश्वासाने परत फिरेल. वादळाच्या दिवशी हे शिकवता येत नाही. त्यासाठी मासेमारी बंदीचे जून-जुलै हे दोन महिने आहेत, माणसे तेव्हा घरीच असतात.

म्हणून माझी शास्त्रज्ञांना विनंती आहे: ज्या गावाच्या पाण्यातून नमुने घेतलेत, त्या गावात निष्कर्ष सांगायला एकदा तरी या. शिक्षकांना विनंती आहे की भरती-ओहोटीचा धडा फळ्यावर शिकवण्याआधी मुलांना भाट्याच्या खाडीवर न्या. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते, आपल्या मुलांना ती महिनाभर तरी मोजू द्या. आणि बंदरावरच्या माझ्या बांधवांना सांगतो, परिषदेच्या या दोन दिवसांत संकोच धरू नका. तुम्ही पाहिलेले पाण्याचे रंग, बदललेले वारे, पूर्वी मिळणारी आणि आता न मिळणारी मासळी, हे सगळे या शास्त्रज्ञांना सांगा. त्यांना ते हवे आहे.

उद्या सकाळी मिरकरवाड्याला लिलावाच्या वेळी सर्व प्रतिनिधींना नेण्याची व्यवस्था स्वागत समितीने केली आहे. गाड्या निवासस्थानाहून साडेपाचला निघतील. तिथे तुमच्यासोबत बसायला तांडेल मंडळी थांबणार आहेत, तेव्हा आपण सर्वांनी जरूर यावे.