गुऱ्हाळावरचं चिलट

मंडळी, केडगावात गुऱ्हाळवाल्यांपुढे चिलटांवर बोलायचं म्हणजे आईपुढे आजोळचं वर्णन. काकवी सांडायचा अवकाश, चिलटं हजर! पेरूत अंडी घालणारी, जिच्यासाठी तुम्ही सापळे टांगता, ती फळमाशी वेगळी. मी बोलतोय ते पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या लालडोळ्या ड्रोसोफिलाबद्दल. मैसूरच्या प्रयोगशाळेत तिला रवा, गूळ आणि अगर एकत्र शिजवून घालतात. म्हणजे आवड तीच.

१९१० साली न्यूयॉर्कला मॉर्गन या जीवशास्त्रज्ञाच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. तेव्हा इथं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला भिडल्या होत्या. छपाईसाठी खिळे जुळवायचे ते दिवस. समजा, जुळवलेल्या पानातली एक ओळ रात्रीतून स्वतःची नक्कल काढून भलत्याच शब्दाच्या मधोमध जाऊन बसली, तर? त्या माशीत नेमकं हेच झालं होतं. ‘डॉक’ नावाचा डीएनएचा तुकडा डोळ्याच्या रंगाच्या जनुकात घुसला होता. हे कळायला मात्र सत्तरेक वर्षं गेली. मक्यातले असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी त्याआधीच ओळखले होते. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी. उशीरच म्हणायचा.

आता अशाच ‘पी’ नावाच्या तुकड्याची गोष्ट. जुन्या काळी पकडून बाटल्यांत वाढवलेल्या माशांत तो नाही, रानातल्या आजच्या माशांत मात्र जवळपास सगळीकडे आहे. म्हणजे इथं पुढच्या रांगेत बसलेल्या आजोबांच्या हयातीत तो जगभर पसरला. आला कुठून? अमेरिका खंडातल्या विलिस्टोनी या दूरच्या भाऊबंदाकडून. दोन्हींतला ‘पी’ डीएनएच्या २,९०७ अक्षरांचा, आणि फरक फक्त एका अक्षराचा! कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या घराण्यांत इतकं साम्य वारशानं येत नाही; ती उसनवारीच.

रानातला नर आणि बाटलीतली जुनी मादी यांची जोडी लावा. पिल्लं धडधाकट दिसतात, उडतात, खातात. पण २९ अंशांना वाढलेल्या मादीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं, तर अंड्यांनी गच्च भरलेल्या दोन घोसांच्या जागी नुसत्या सुकल्या चिंध्या. ‘पी’नं जननपेशींत उड्या मारून गुणसूत्रं तोडलेली असतात. जोडी उलटी लावली, म्हणजे मादी रानातली आणि नर बाटलीतला, तर असं काही घडत नाही. कारण ‘पी’ ओळखणारे छोटे आरएनए आई अंड्यातच ठेवून देते. बापाकडून ती शिदोरी मिळत नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

हाच ‘पी’ सिम्युलन्स या सख्ख्या चुलत जातीतही शिरल्याचं २०१५ साली छापून आलं. तिथं तो अजून नवखा होता. काही ठिकाणच्या माशांत होता, काहींत नव्हता. कधी नव्हे ते एक घराणं ताब्यात जाताना माणसाला जागेवरून पाहता आलं.

टेबलावरच्या बाटलीत केळ्याची फोड आहे आणि चिलटं इथलीच आहेत. भिंग शेजारी ठेवलंय. डोळे तेवढे पाहून जा.